पट्टी दिसली, पण डास बाधित आहे का? बाहेरून पकडलेल्या कीटकांत वोल्बाकिया शोधताना

वोल्बाकिया या जिवाणूची तपासणी करताना जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) ४३८ बेसजोड्यांच्या, म्हणजे त्या लांबीच्या तुकड्याच्या, जागी पट्टी चमकली की वहीत 'पॉझिटिव्ह' लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत, एवढंच सांगतो, की त्या ट्यूबमध्ये त्या दोन प्राइमरना (तुकड्याची दोन टोकं ओळखणाऱ्या छोट्या डीएनए-साखळ्यांना) जुळणारा डीएनए होता. तो जिवंत जिवाणूचा होता का, याच कीटकाच्या पेशींतला होता का, की त्याच्या पोटातल्या परजीवीचा, रक्ताचा किंवा शेजारच्या ट्यूबचा, हे पट्टीवरून कळत नाही. त्याचं उत्तर कीटक पकडल्यापासून घेतलेल्या काळजीत आणि कंट्रोलमध्ये, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेल्या नमुन्यांत, असतं. एमएस्सीच्या प्रकल्पांत नेमकी याच गोष्टींत घाई होते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

उदाहरण वोल्बाकियाचं घेऊ. १९२४ मध्ये मार्शल हर्टिग आणि बर्ट वोल्बाक यांनी हा जिवाणू क्युलेक्स पिपियन्स डासात पाहिला आणि १९३६ मध्ये हर्टिगने त्याला वोल्बाकिया पिपिएंटिस हे नाव दिलं. तो पेशीच्या आतच जगतो, साध्या माध्यमावर वाढत नाही आणि मुख्यतः आईकडून अंड्यांवाटे पुढच्या पिढीत जातो. पेट्री डिशमध्ये वाढवून ओळखायची सोय नसल्याने डीएनएवरच भिस्त ठेवावी लागते. वेगवेगळ्या अंदाजांनुसार कीटकांच्या साधारण ४० ते ६० टक्के जातींमध्ये तो कमी-अधिक प्रमाणात सापडतो. आपल्या गटारांत वाढणारा आणि रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स क्विंकेफॅसिएटस तर जवळपास नेहमीच बाधित असतो. नवशिक्याने सुरुवात याच डासापासून करावी, कारण उत्तर काय यायला हवं हे आधीच माहीत असतं.

पकडणं आणि टिकवणं

क्युलेक्स पकडायला पहाटे ते सकाळी नऊपर्यंतची वेळ चांगली. रात्री रक्त पिऊन आलेल्या माद्या तेव्हा टांगलेल्या कपड्यांमागे, पलंगाखाली, न्हाणीघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत बसलेल्या असतात. ॲस्पिरेटर (कीटक ओढून घ्यायची नळी) तोंडाने ओढायचा असेल तर मध्ये फिल्टर हवाच, नाहीतर डासांचे खवले फुप्फुसात जातात. चिलटांसाठी, म्हणजे ड्रोसोफिलासाठी, बाटलीत पिकलेलं केळं ठेवून तोंडाला कागदाचं नरसाळं लावलं की पुरतं. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात मात्र वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय जाळी उघडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत काही फुलपाखरंही आहेत, तेव्हा आधी यादी पाहावी.

मादी उजेडासमोर धरून तिचं पोट पाहा. लालभडक असेल तर ती नुकतीच रक्त प्यायली आहे. पुढचा भाग काळपट आणि मागचा पांढुरका असेल तर रक्त अर्धं पचलंय, अंडी वाढताहेत. पूर्ण पांढुरकं आणि फुगलेलं असेल तर अंडी तयार. वोल्बाकिया सर्वांत जास्त अंडाशयात असतो, म्हणून तपासायला पोटच घ्यावं लागतं. पण रक्तातलं हीम हे लाल द्रव्य पीसीआर अडवतं. यावर साधा उपाय म्हणजे माद्या जाळीच्या पिंजऱ्यात दोन-तीन दिवस साखरपाण्यावर जिवंत ठेवायच्या. रक्त पचतं, अंडाशय भरतं आणि दोन्ही प्रश्न सुटतात.

रक्त पचू देण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते आपल्याकडे विशेष महत्त्वाचं आहे. हत्तीरोगाचा कृमी, वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, स्वतःच वोल्बाकिया बाळगतो आणि हाच क्युलेक्स तो पसरवतो. विदर्भात हत्तीरोग असलेल्या भागातून पकडलेल्या मादीच्या पोटात हे कृमी असू शकतात. क्युलेक्सच्या बाबतीत उत्तर तसंही 'हो' असतं, म्हणून फरक पडत नाही. पण दुसऱ्या एखाद्या डासात पहिल्यांदाच वोल्बाकिया सापडला असं म्हणायचं असेल, तर तो कृमीचा नाही हे दाखवणं भाग आहे. कीटकांतले वोल्बाकिया बहुतांशी ए आणि बी या गटांतले असतात, तर फायलेरियाच्या कृमींतले सी आणि डी गटांतले. क्रमवाचन, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचा क्रम वाचणं, केलं की हे वेगळं करता येतं. नुसत्या पट्टीवरून ते होत नाही.

कीटक मारायला फ्रीझरमध्ये उणे २० अंशांवर अर्धा तास ठेवणं सर्वांत सुरक्षित. कीटकसंग्रहाच्या किलिंग जारमधलं इथाइल ॲसिटेट इथे वापरू नये, त्याने डीएनए तुटतो. फॉर्मलिनचं नावही काढू नये. साठवण ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉलमध्ये करावी. कीटकाच्या आकारमानाच्या किमान दहापट इथेनॉल असावं आणि एका दिवसाने ते बदलावं, कारण कीटकाच्या अंगातलं पाणी बाहेर येऊन ते पातळ होतं. औषधाच्या दुकानातलं सत्तर टक्क्यांचं स्पिरिट चार दिवसांच्या प्रवासापुरतं चालेल, महिनोन्‌महिने नाही. शुद्ध इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि छोट्या महाविद्यालयांची गाडी इथेच अडते. अशा वेळी ॲसिटोन वापरावं. कीटकांतल्या सहजीवी जिवाणूंचा डीएनए त्यात उत्तम टिकतो आणि थोडं पाणी मिसळलं तरी बिघडत नाही. फक्त ट्यूब पॉलिप्रॉपिलीनच्याच हव्यात, पॉलिस्टायरीन ॲसिटोनमध्ये विरघळतं. लेबल पेन्सिलीने जाड कागदावर लिहून ट्यूबच्या आत टाकावं. झाकणावरची मार्करची शाई दोन्ही द्रवांनी पुसली जाते आणि मग कोणता डास कुठला हे कुणालाच सांगता येत नाही.

डीएनए काढणं

डोकं आणि पंख आधी वेगळे करून ओळख पटवण्यासाठी ठेवून द्यावेत. मधमाशीच्या डोळ्यांतली द्रव्यं पीसीआर अडवतात हे पक्कं माहीत आहे, इतर कीटकांतही डोकं वगळण्याने नुकसान काही नाही. अंगावर माइट (कोळ्यांच्या कुळातले बारीक जीव) चिकटलेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून ते चिमट्याने काढावेत, कारण माइटचा स्वतःचा वोल्बाकिया असू शकतो. अळ्या आणि कोश तपासताना परजीवी गांधीलमाशीची अळी आत लपलेली असण्याची शक्यता धरावी. खोट्या पॉझिटिव्हचं ते अगदी नेहमीचं कारण आहे. कोळी, चतुर, नाकतोडे यांच्या बाबतीत पोटातलं भक्ष्य हाही संशयित असतो, म्हणून तिथे आतडं बाजूला करून अंडाशय किंवा पायांतले स्नायू घ्यावेत.

कीटक गाळणकागदावर ठेवून इथेनॉल पूर्ण उडू द्यावं, राहिलं तर पुढे पीसीआर बिघडतो. डासाचं पोट १.५ मिलीच्या ट्यूबमध्ये घेऊन त्यावर ५ टक्के चेलेक्सचं (धातूंचे आयन पकडणाऱ्या बारीक मण्यांचं) १०० मायक्रोलिटर मिश्रण आणि २० मिग्रॅ प्रति मिली तीव्रतेचं प्रोटीनेज-के हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम २ मायक्रोलिटर घालावं. निर्जंतुक प्लॅस्टिकच्या मुसळीने ते अगदी बारीक करावं. ५६ अंशांवर दोन तास, मध्येमध्ये हलवत, मग ९५ अंशांवर दहा मिनिटं ठेवून सेंट्रिफ्यूजमध्ये पूर्ण वेगाने तीन मिनिटं फिरवावं. ९५ अंशांची पायरी कमी करू नये, कारण सक्रिय राहिलेलं प्रोटीनेज-के पुढे पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती काढणारं टॅक एन्झाइमच खाऊन टाकतं.

चेलेक्सचे मणी जड असतात आणि लगेच तळाशी बसतात. ते घेताना बाटली सतत हलवत ठेवावी आणि टिपचं टोक कात्रीने कापून तोंड मोठं करावं, नाहीतर दहापैकी चार ट्यूबमध्ये नुसतं पाणीच जातं. शेवटी वरचं पाणी उचलताना उलट काळजी घ्यायची: एकही मणी सोबत येता कामा नये. चेलेक्स मॅग्नेशियम पकडून ठेवतं आणि मॅग्नेशियमशिवाय टॅक काम करत नाही. 'काल चाललेला नमुना आज चालत नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा ट्यूब हलल्याने वर आलेला एखादा मणी असतो. म्हणून वरचे ६० मायक्रोलिटर लगेच नव्या ट्यूबमध्ये हलवावेत. महिनोन्‌महिने ठेवायचा डीएनए असेल तर चेलेक्सपेक्षा डीएनए स्तंभातून (कॉलममधून) गाळून शुद्ध करणारं किट बरं.

प्रत्येक तुकडीत एक ट्यूब कीटकाशिवाय, बाकी सगळ्या पायऱ्यांतून जशीच्या तशी न्यायची. ही निष्कर्षण-ब्लँक, म्हणजे डीएनए काढण्याच्या पायरीची कोरी ट्यूब. पीसीआरमधली पाण्याची ब्लँक (डीएनएऐवजी पाणी घातलेली ट्यूब) वेगळी आणि एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही. मुसळी, बफर किंवा चिमटा दूषित असेल तर ते फक्त पहिलीतच दिसतं.

पीसीआर

प्रत्येक नमुन्यावर दोन वेगळ्या अभिक्रिया करायच्या. पहिली कीटकाच्या स्वतःच्या सीओ-१ जनुकासाठी (यावरून जात ओळखता येते आणि डीएनए नीट आला की नाही हेही कळतं), फोल्मर प्राइमरची जोडी वापरून. तिची पट्टी सुमारे ७१० बेसजोड्यांवर येते. दुसरी वोल्बाकियाच्या १६-एस या, जिवाणू ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकासाठी, डब्ल्यू-स्पेक प्राइमरची जोडी वापरून. ही ४३८ वर. सगळ्या जिवाणूंना चालणारे १६-एस प्राइमर इथे कामाचे नाहीत. ते आतड्यातला प्रत्येक जिवाणू उचलतातच, शिवाय टॅक बनवताना त्यात राहिलेला ई. कोलायचा अंशही वाढवतात आणि पाण्याची ब्लँकसुद्धा पॉझिटिव्ह दाखवतात.

एका अभिक्रियेचं आकारमान २५ मायक्रोलिटर: दुप्पट तीव्रतेचा मास्टरमिक्स (टॅकसह इतर घटकांचं तयार मिश्रण) १२.५, दोन्ही प्राइमर १० मायक्रोमोलरचे प्रत्येकी १, पाणी ८.५ आणि डीएनए २. दहा कीटक आणि चार कंट्रोल मिळून चौदा ट्यूब होतात, पण मिश्रण सोळांचं बनवावं: मास्टरमिक्स २००, प्राइमर १६ आणि १६, पाणी १३६. ते २३-२३ मायक्रोलिटर वाटून डीएनए शेवटी घालायचा. यंत्रात ९४ अंशांवर २ मिनिटं, मग ९४ वर ३० सेकंद, ५५ वर ४५ सेकंद, ७२ वर १ मिनिट अशी ३० ते ३५ आवर्तनं आणि शेवटी ७२ वर १० मिनिटं.

आवर्तनं ४० च्या पुढे नेऊ नयेत. पट्टी येत नाही म्हणून आवर्तनं वाढवत गेलं तर कधीतरी ती येतेच, फक्त कुठून आली ते सांगता येत नाही. पहिल्या पीसीआरचं उत्पादन घेऊन दुसरा करण्याच्या नेस्टेड पद्धतीलाही हेच लागू. ती संवेदनशील आहे, पण वाढवलेल्या डीएनएने भरलेली ट्यूब उघडली की त्याचे कण हवेत, पिपेटमध्ये, टेबलावर पसरतात. नेस्टेड करायचंच असेल तर पीसीआरआधीची आणि नंतरची खोली, पिपेट आणि कोट वेगळे हवेत. जागा नसेल तर तो करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चार कंट्रोल असे: निष्कर्षण-ब्लँक, पाण्याची ब्लँक, नक्की बाधित कीटक (क्युलेक्स मादी चालेल) आणि नक्की अबाधित कीटक. शेवटच्यासाठी टेट्रासायक्लिन देऊन वोल्बाकियामुक्त केलेली ड्रोसोफिलाची प्रयोगशाळेतली पैदास सर्वोत्तम. ही माशी वापरायची कारण प्राइमर कीटकाच्याच डीएनएला चुकून चिकटताहेत का, हे पाण्याच्या ब्लँकमधून कधीच कळत नाही. बाधित नमुन्याचा डीएनए शंभरपट पातळ करून सगळ्यांत शेवटी घालावा आणि त्याआधी इतर सगळी झाकणं बंद असावीत.

जेल दीड टक्क्यांचं, म्हणजे १०० मिली एकपट टीएई बफरमध्ये दीड ग्रॅम ॲगारोज. प्रत्येक खाचेत ५ मायक्रोलिटर, सोबत १०० बेसजोड्यांचा लॅडर (लांबी माहीत असलेले तुकडे), १०० व्होल्टवर सुमारे ४० मिनिटं. डीएनए चमकवायला इथिडियम ब्रोमाइड वापरत असाल तर नायट्राइल हातमोजे घाला, आणि त्याच हाताने फ्रीजचं हँडल धरू नका.

वाचन

सीओ-१ आहे आणि वोल्बाकियाही आहे: सर्व ब्लँक कोऱ्या असतील तर पुढे जावं. सीओ-१ आहे, वोल्बाकिया नाही: 'या पद्धतीने आढळला नाही', इतकंच. दोन्ही नाहीत: हा नमुना निगेटिव्ह नव्हे, तो बादच. डीएनए तुटला असेल किंवा काहीतरी अभिक्रिया अडवत असेल. आधी दहापट आणि पन्नासपट पातळ करून पुन्हा करावं, अडथळा असेल तर विरळ नमुन्यातच पट्टी उमटते. मास्टरमिक्समध्ये बीएसए हे प्रथिन घालूनही रक्ताचा त्रास कमी होतो. वोल्बाकिया आहे पण सीओ-१ नाही: हा सर्वांत फसवा प्रकार. प्राइमर त्या जातीच्या सीओ-१ ला जुळत नसतील, किंवा कीटकाचा डीएनए नीट आलाच नसेल आणि पट्टी दूषित नमुन्याची असेल. सीओ-१ कुठल्यातरी वेगळ्या जोडीने करून बघेपर्यंत असा निकाल मोजू नये.

फिकट पट्टी हा मोठा सापळा आहे. कोवळ्या वयात, नरांत किंवा उन्हाळ्याच्या तापमानात वोल्बाकियाची घनता कमी असू शकते, म्हणून फिकट पट्टी खरीही असेल. ती मूळ नमुन्यातून नव्याने डीएनए काढून पुन्हा आली पाहिजे. त्याच डीएनएवर पुन्हा पीसीआर केल्याने त्या डीएनएत असलेलं दूषण फक्त पुन्हा दिसतं.

याची किंमत मोठ्या संशोधनांनाही मोजावी लागली आहे. बुर्किना फासोतल्या ॲनाफिलिस गॅम्बिये डासांत वोल्बाकिया सापडल्याचं २०१४ मध्ये जाहीर झालं. हा मलेरियाचा मुख्य वाहक असल्याने बातमी मोठी होती. पुढे २०१९ मध्ये उपलब्ध पुराव्याची चिकित्सा झाली: अत्यंत कमी प्रमाणात आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या क्रमांचा डीएनए सापडणं म्हणजे डास वोल्बाकियाचा नैसर्गिक यजमान असणं नव्हे, असा आक्षेप घेतला गेला. डेंगीच्या एडीस इजिप्तायबद्दलही हाच वाद झाला. पुदुच्चेरीच्या आयसीएमआर-व्हीसीआरसी या रोगवाहक-नियंत्रण संशोधन केंद्राने मुद्दाम वोल्बाकिया घातलेले एडीस इजिप्ताय तयार केले आहेत आणि इंडोनेशियातल्या योग्याकार्तात असे डास सोडल्यावर डेंगीचं प्रमाण ७७ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. अशा कामाआधी स्थानिक एडीसमध्ये वोल्बाकिया मुळात नाही ना, हे नक्की ठाऊक असावं लागतं. तिथे एका दूषित ट्यूबमुळे लिहिलेला 'पॉझिटिव्ह' भलतीकडेच घेऊन जातो. एडीस गोळा करताना एडीस अल्बोपिक्टस नजरचुकीने त्यात आला तरी तेच होतं, कारण त्याच्यात वोल्बाकियाचे दोन प्रकार नैसर्गिकरीत्याच असतात. सीओ-१ चं क्रमवाचन केलं असेल तर ही चूक तिथेच पकडली जाते.

आणि सगळं चोख करूनही पट्टी जिवाणूची नसू शकते. कडधान्याला लागणाऱ्या भुंग्याच्या एका जातीत, कॅलोसोब्रुकस चायनेन्सिसमध्ये, वोल्बाकियाच्या जनुकसंचाचा मोठा तुकडा थेट भुंग्याच्या एक्स गुणसूत्रात जाऊन बसला आहे, हे २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. ड्रोसोफिला अनानासी या चिलटात तर जवळजवळ अख्खा वोल्बाकिया जनुकसंच गुणसूत्रात सापडला. अशा माशीला प्रतिजैविक देऊन जिवाणू मारले तरी पट्टी येतच राहते, आणि हीच ओळखायची खूण आहे. दुसरी खूण मिळते ती क्यूपीसीआरमधून, म्हणजे डीएनए किती आहे हे मोजणाऱ्या पीसीआरमधून: खऱ्या संसर्गात अंडाशय आणि पाय यांच्यातलं जिवाणूचं प्रमाण खूप वेगळं असतं, गुणसूत्रातला तुकडा मात्र सगळीकडे सारख्याच प्रमाणात सापडतो. डीएनएच्या पलीकडचा पुरावा हवा असेल तर फ्लोरोसन्ट प्रोब (जिवाणूला चिकटून चमकणारी खूण) वापरून अंडाशयातले जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावेत.

किती कीटक पुरतात

दहा कीटक तपासले, दहाही निगेटिव्ह, म्हणून 'या जातीत वोल्बाकिया नाही' असं अनेक प्रबंधांत लिहिलेलं असतं. हे चूक आहे. खरं प्रमाण ५ टक्के असेल तर दहांत एकही न सापडण्याची शक्यता जवळपास ६० टक्के आहे. ढोबळ नियम सोपा आहे: 'क्ष' कीटक तपासून सगळे निगेटिव्ह आले तर ९५ टक्के खात्रीने प्रमाण साधारण ३ भागिले 'क्ष' पेक्षा कमी. तीस निगेटिव्ह म्हणजे १० टक्क्यांहून कमी, साठ म्हणजे ५ टक्क्यांहून कमी. साठही एकाच घरातून पकडलेले नकोत, ते एकाच मादीची पिल्लं असू शकतात आणि वोल्बाकिया तर आईकडूनच येतो. पाच-पाच कीटक एकत्र करून तपासणं फक्त प्रमाण अगदी कमी असेल तेव्हाच परवडतं. क्युलेक्ससारख्या डासात सगळेच गट पॉझिटिव्ह येतील आणि हाती काहीच लागणार नाही.

पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी निदान काही तरी दोन्ही बाजूंनी सँगर पद्धतीने क्रमवाचन करून घ्यावेत आणि ब्लास्टवर (माहीत असलेल्या क्रमांशी जुळणी शोधणाऱ्या संगणकीय साधनावर) तपासावेत, म्हणजे १६-एस ची पट्टी दुसऱ्याच एखाद्या जवळच्या जिवाणूची नाही ना हे कळतं. क्रमवाचनाच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरं दिसली तर वाचन खराब म्हणून फेकून देऊ नये, तो दुहेरी संसर्ग असू शकतो. वोल्बाकियाचा प्रकार ओळखायला गॅट-बी, कॉक्स-ए, एचसीपी-ए, एफटीएस-झेड आणि एफबीपी-ए या पाच जनुकांचे क्रम एकत्र पाहणारी एमएलएसटी पद्धत आहे. वोल्बाकियाच्या डब्ल्यूएसपी या एकाच जनुकावरून वंशवृक्ष काढू नये, त्यात तुकड्यांची अदलाबदल फार होते.

निकाल लिहिताना प्राइमरची जोडी, आवर्तनांची संख्या, कीटकाचा कोणता भाग घेतला, लिंग, रक्ताची अवस्था, पकडल्याची तारीख आणि जागा हे सगळं तक्त्यात द्यावं. बाद ठरलेल्या नमुन्यांची संख्याही द्यावी, ती निगेटिव्हमध्ये मिसळू नये. उरलेला डीएनए उणे २० अंशांवर ठेवावा आणि डोकं-पंख त्याच क्रमांकाने जपून ठेवावेत, म्हणजे उद्या कुणी शंका घेतली तर पुन्हा तपासायला मूळ वस्तू हाताशी असेल.